प्रमाणपत्रातला ब्रेकर आणि पॅनेलमधला ब्रेकर

जबलपूर म्हटले की मराठी वाचकाला भेडाघाटचा धबधबा आणि संगमरवरी कडे आठवतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांना हेही ठाऊक असते की १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. प्रशासनात काम करणाऱ्याला मात्र हे शहर आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. ते विजेच्या कारभाराचे शहर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली, उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि विद्युत मंडळाचे मुख्यालयही जबलपुरातच राहिले. २००५ मध्ये मंडळाचे कामकाज निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले, तरी रामपूर भागातील शक्ती भवनाचे महत्त्व कमी झाले नाही. सबंध राज्याच्या विजेवर लक्ष ठेवणारे भार प्रेषण केंद्रही याच शहरात आहे. याच्या जोडीला १९०४ सालचा तोफगाडी कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ पासूनचा वाहन कारखाना, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली खासगी रुग्णालये व मॉल ही सर्व मोठी वीजग्राहक मंडळी येथे आहेत.

अशा शहरातही एका प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर कोणाकडे नाही. या सर्व आस्थापनांच्या विद्युत उपकेंद्रांत जे सर्किट ब्रेकर बसवलेले आहेत, ते प्रत्यक्ष दोष उद्भवेल त्या क्षणी उघडतील काय? उघडतील असे सांगणारे कागद जवळजवळ सर्वांकडे आहेत. कागद आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर आहे, हे तपासण्याची व्यवस्था मात्र आपण उभी केलेली नाही. वरकरणी हा विषय अभियंत्यांचा वाटतो, परंतु माझ्या मते तो मुख्यतः प्रशासनाचा विषय आहे, आणि म्हणूनच या लेखमालेत त्याला स्थान देत आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. घरातला छोटा एमसीबी सर्वांनी पाहिलेला असतो. कारखाना, रुग्णालय किंवा मोठी व्यापारी इमारत यांना वीज ११ हजार किंवा ३३ हजार व्होल्टने मिळते, आणि त्या दाबावर काम करणारा ब्रेकर हे त्याच एमसीबीचे थोरले भावंड होय. शब्दांचा थोडा गोंधळ येथे दूर केला पाहिजे. आपल्या १९५६ च्या विद्युत नियमांत २५० ते ६५० व्होल्टला ‘मध्यम दाब’ म्हटले जाई आणि त्यापुढे ३३ हजारांपर्यंत ‘उच्च दाब’. परदेशात मात्र एक हजार ते साधारण पस्तीस हजार व्होल्टच्या पट्ट्याला ‘मीडियम व्होल्टेज’ म्हणतात. त्यामुळे आखातात किंवा अमेरिकेत काम करणारा मराठी अभियंता ज्याला एमव्ही पॅनेल म्हणेल, त्यालाच जबलपूरचा वायरमन एचटी पॅनेल म्हणतो. वस्तू एकच.

या ब्रेकरचे वैशिष्ट्य असे की त्याचे खरे काम वर्षानुवर्षे त्याच्या वाट्याला येतच नाही. पंखा किंवा पंप रोज चालतो, म्हणून तो बिघडला की लगेच कळते. ब्रेकर बंद अवस्थेत, म्हणजे वीज वाहू देत, महिनोन्महिने स्वस्थ उभा असतो. एखाद्या दिवशी केबल फुटते किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष उद्भवतो, आणि नेहमीच्या शेकडो अँपिअरच्या जागी हजारो अँपिअर प्रवाह धावू लागतो. रिलेने आज्ञा दिल्यापासून साधारण साठ ते शंभर मिलिसेकंदांत त्याने तो प्रवाह तोडायचा असतो. यासाठी एक साखळीच काम करते. प्रवाह मोजणारा सीटी, निर्णय घेणारा रिले, ऊर्जा पुरवणारी बॅटरी, ट्रिप कॉइल, स्प्रिंगची यंत्रणा आणि शेवटी व्हॅक्यूमच्या बाटलीतले कॉन्टॅक्ट. यातील एक कडी जरी निखळली तरी उरलेल्या पाच निरुपयोगी ठरतात. रिले अगदी आधुनिक असेल, पण त्यामागची बॅटरी मेलेली असेल, तर आज्ञा दिली जाते आणि ती ऐकणारे कोणी नसते.

ब्रेकर उघडला नाही तर काय होते? बहुतेक वेळा त्याच्या मागचा, म्हणजे वीज कंपनीच्या उपकेंद्रातला ब्रेकर उघडतो आणि सबंध वस्ती अंधारात जाते. हा झाला सुदैवाचा भाग. मागचा ब्रेकर मुद्दाम काहीसा उशिराने उघडेल असा लावलेला असतो, आणि तेवढ्या अवधीत दोषाच्या जागी जी उष्णता निर्माण होते तिने पॅनेलचे दार उडते, तांबे वितळते आणि समोर उभा असलेला माणूस भाजतो. हा माणूस बहुधा कंत्राटी वायरमन असतो. ब्रेकर आत ढकलताना किंवा बाहेर ओढताना तो पॅनेलपासून हातभर अंतरावर उभा असतो. चाचणीचे आकडे खरे होते की खोटे, याचा निकाल प्रथम त्याच्या देहावर लागतो. ज्याने प्रमाणपत्रावर सही केली तो त्या वेळी तेथे नसतो.

आता चाचणी म्हणजे काय ते पाहू. पहिली चाचणी कॉन्टॅक्टच्या रोधाची. चांगल्या व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये हा रोध काही दहा मायक्रोओहम इतका अल्प असतो. तो १०० मायक्रोओहम झाला आणि ६३० अँपिअरचा पूर्ण प्रवाह वाहत असला तर त्या जागी सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण होते. रोध दहापट वाढला तर उष्णताही दहापट, आणि तीही बंद पेटीत. दुसरी चाचणी इन्सुलेशनची, म्हणजे मेगरची. तिसरी वेळेची. तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट किती मिलिसेकंदांत आणि एकाच वेळी उघडतात का, हे त्यात कळते. चौथी व्हॅक्यूम शाबूत आहे का याची, कारण बाटलीतला व्हॅक्यूम गेला तर बाहेरून काहीच दिसत नाही. पाचवी ट्रिप कॉइलची. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकदिश विद्युतदाब नेहमीच्या ७० टक्क्यांवर उतरला तरी तिने काम केले पाहिजे. सहावी रिलेची, आणि सातवी सर्वांत साधी व सर्वांत दुर्लक्षित, ती बॅटरीची.

यांखेरीज आणखी एक गोष्ट आहे, जिला यंत्रही फारसे लागत नाही. दीर्घकाळ स्वस्थ असलेल्या ब्रेकरची पहिली हालचाल. यंत्रणेतले ग्रीस वाळून घट्ट झालेले असेल तर पहिल्या वेळी ब्रेकर रेंगाळत उघडतो किंवा उघडतच नाही. एकदा हलवला की ग्रीस मोकळे होते आणि दुसऱ्या वेळी तोच ब्रेकर झटकन चालतो. दोष येईल त्या दिवशी मात्र त्याला दुसरी संधी मिळणार नसते. आपल्याकडची सर्रास पद्धत अशी की चाचणीवाले येण्यापूर्वी वायरमन ब्रेकर हाताने उघडून, फडक्याने पुसून, दोन-चार वेळा चालवून ठेवतो. पाहुणे येण्यापूर्वी घर आवरावे तसे. जी माहिती सर्वांत मोलाची होती ती या आवराआवरीतच नाहीशी होते.

माझ्या सेवाकाळात काही वर्षे खर्चाच्या तपासणीचे काम माझ्याकडे होते. अशाच एका सरकारी आस्थापनेच्या देखभाल करारातील देयके पाहताना मी ब्रेकर चाचणीचे तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी मांडले. तिन्ही वर्षांचे आकडे दशांशचिन्हापुढच्या अंकापर्यंत सारखे होते. इन्सुलेशनचा रोध हवेतील आर्द्रतेनुसार बदलतो. येथे एक चाचणी जानेवारीतली आणि दुसरी ऐन पावसाळ्यातली असूनही आकडा तोच. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, अभियंता नव्हे. परंतु आकडे निसर्गातून आले आहेत की मागच्या पानावरून उतरवले आहेत, हे ओळखायला अभियंता असण्याची गरज नसते. त्यानंतर उपकेंद्राची नोंदवही मागवली. चाचणीच्या तारखेला वीज बंद केल्याची एकही नोंद तीत नव्हती. ज्या ब्रेकरमधून त्या दिवशी भार वाहत होता, त्याच्या कॉन्टॅक्टचा रोध कोणी आणि कसा मोजला, या प्रश्नाला लेखी उत्तर आले की देयक करारातील अटींनुसार आहे. देयक रोखले गेले आणि फेरचाचणी झाली. तीत एका ब्रेकरची ट्रिप कॉइल विजेने हलतच नव्हती. तो नेहमी हातानेच उघडावा लागतो, हे तिथल्या वायरमनला ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

हा प्रसंग कोणा एकाच्या अप्रामाणिकपणाचा नमुना म्हणून मी सांगत नाही. तसे असते तर एका शिक्षेने प्रश्न सुटला असता. व्यवस्थेची रचनाच अशी आहे की तीत खोटा अहवाल स्वस्त पडतो आणि खरा महाग. निविदा निघते ती ‘अमुक ब्रेकरांची चाचणी, अमुक नग’ अशी, आणि काम मिळते सर्वांत कमी दराला. खऱ्या चाचणीला प्रशिक्षित माणसे, प्रमाणित उपकरणे आणि दिवसभराचा शटडाऊन लागतो. खोट्या चाचणीला एक संगणक पुरतो. खरेदी करणाऱ्याला दोन अहवालांतला फरक दिसत नाही, म्हणून तो दोहोंना एकच किंमत देतो, आणि मग खरे काम करणारा हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले होते. माल पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. या विचाराला २००१ चे नोबेल मिळाले. आपल्या निविदा पद्धतीपर्यंत तो अद्याप पोचलेला नाही.

दुसरे कारण खर्चाच्या स्वरूपात आहे. चाचणीचे शुल्क तुलनेने थोडे असते, पण शटडाऊनमुळे बुडणारे उत्पादन मोठे असते आणि ते ताबडतोब दिसते. चाचणीमुळे टळलेला अपघात मात्र कोणालाच दिसत नाही. न घडलेल्या घटनेची नोंद कोणत्या रकान्यात करणार? त्यामुळे अंदाजपत्रकात काटछाट करण्याची वेळ आली की सर्वांत आधी कात्री लागते ती अशा खर्चाला. ज्या अधिकाऱ्याने ती लावली त्याची बदली तीन वर्षांत होते, आणि परिणाम उत्तराधिकाऱ्याच्या पदरात पडतो.

कायदा काय म्हणतो? २००३ च्या विद्युत अधिनियमातील कलम ५३ ने सुरक्षेचे उपाय ठरवण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे दिले, आणि कलम १६२ ने विद्युत निरीक्षकांची तरतूद केली. प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत वीजजोडणी असलेल्या प्रत्येक संचमांडणीची तपासणी व चाचणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावी असे म्हटले होते. पुढे दुरुस्त्या होऊन शासनाने अधिसूचित केलेल्या दाबापर्यंत मालकाने स्वतःच प्रमाणित करावे अशी मुभा आली, आणि अधिकृत विद्युत सुरक्षा अभियंता हे पद निर्माण झाले. २०२३ च्या नव्या विनियमांनी हाच मार्ग कायम ठेवला. स्वप्रमाणनाच्या तत्त्वाला माझा विरोध नाही. निरीक्षकांची संख्या मर्यादित असते, आणि प्रत्येक दारात निरीक्षक उभा करून सुरक्षा येत नाही, फार तर दाराशी तडजोड येते. परंतु स्वप्रमाणन म्हणजे नागरिकावर टाकलेला विश्वास, आणि ज्या विश्वासाची अधूनमधून पडताळणी होत नाही त्याची केवळ औपचारिकता होते.

यात अधिकारक्षेत्राचीही गुंतागुंत आहे. रेल्वेच्या संचमांडणीसाठी रेल्वेचेच विद्युत निरीक्षक असतात, केंद्र सरकारच्या आस्थापनांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा निरीक्षणालय विभाग, आणि उरलेल्यांसाठी राज्याचे विद्युत निरीक्षक. जबलपूरसारख्या शहरात रस्त्याच्या या बाजूचा ब्रेकर एका निरीक्षकाचा आणि त्या बाजूचा दुसऱ्याचा असू शकतो. दोष मात्र हद्द ओळखत नाही. एका बाजूचा ब्रेकर अडकला तर दुसऱ्या बाजूलाही अंधार होतो.

राष्ट्रीय ग्रीडच्या बाबतीत आपण एकदा धडा घेतला होता. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीवर भार अतोनात वाढला. प्रत्यक्ष दोष नसतानाही संरक्षक रिलेने ती वाहिनी तोडली, आणि उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही ग्रीड कोसळून साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. बीना हे याच प्रदेशातले, सागर जिल्ह्यातले गाव. त्यानंतरच्या चौकशी समितीने संरक्षण व्यवस्थेच्या व्यापक परीक्षणाची शिफारस केली. त्या घटनेत संरक्षण यंत्रणा गरज नसताना चालली, आणि आपण येथे बोलत आहोत ती गरज असताना न चालण्याविषयी. दोहोंचे मूळ एकच आहे. जी यंत्रणा क्वचितच कामाला लागते तिच्याकडे आपले लक्ष ती चुकल्यावरच जाते. शिवाय ग्रीड कोसळले की संसदेत प्रश्न विचारला जातो. एखाद्या कारखान्याच्या आवारातला ब्रेकर अडकला तर विचारणारे कोणी नसते.

आता दोन दुःखद घटनांचा उल्लेख आवश्यक आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून १० बालके दगावली. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या दमोह नाका परिसरातील एका खासगी रुग्णालयात आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. अग्निशमन विभागाच्या तात्पुरत्या ना-हरकत प्रमाणपत्राची मुदत तेथे आधीच संपलेली होती. या आगी ११ केव्हीच्या ब्रेकरमुळे लागल्या असे मी म्हणत नाही. त्या इमारतीच्या आतल्या, कमी दाबाच्या विजेशी निगडित घटना होत्या, आणि प्रत्येक आगीचे खापर ब्रेकरवर फोडणे चूक ठरेल. परंतु अशा प्रत्येक घटनेनंतर प्रशासन जो प्रश्न विचारते तो पाहण्यासारखा आहे. प्रमाणपत्र होते का? मुदतीत होते का? असेल तर एक वर्ग सुटतो, नसेल तर दुसरा सापडतो. प्रमाणपत्रात लिहिलेले खरे होते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्यामुळे सर्व संबंधितांची धडपड कागद मुदतीत ठेवण्याकडे लागते आणि यंत्र सुस्थितीत ठेवणे मागे पडते. माणसे त्याच परीक्षेचा अभ्यास करतात जी घेतली जाते.

आणखी एक मुद्दा. विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ नुसार जीवितहानी किंवा इजा झालेल्याच नव्हे, तर होण्याचा संभव होता अशाही अपघातांची खबर देणे अपेक्षित आहे. ब्रेकर उघडला नाही, पण सुदैवाने पॅनेलसमोर कोणी नव्हते, ही घटना या व्याख्येत बसू शकते. प्रत्यक्षात अशी खबर देणारा मला आजवर भेटलेला नाही. पॅनेल रातोरात बदलले जाते आणि वर्तमानपत्राला ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच कळते. त्यातून इतरांना शिकता आले असते, ते शिक्षणही भंगारात जाते.

परदेशातील वाचकांसाठी एक तुलना उपयोगी पडेल. अमेरिकेतील विद्युत उपकरणांच्या देखभालीची ‘एनएफपीए ७० बी’ ही संहिता अनेक दशके केवळ शिफारशीच्या स्वरूपात होती. २०२३ च्या आवृत्तीपासून ती बंधनकारक भाषेतील मानक झाली. तिचे वैशिष्ट्य असे की सर्वांना एकच मुदत न देता उपकरणाची स्थिती, त्याचे महत्त्व आणि भोवतालचे वातावरण पाहून चाचणीचे अंतर ठरवले जाते. आपल्याकडे हे तत्त्व अधिकच लागू पडते. वातानुकूलित संगणक केंद्रातला ब्रेकर आणि संगमरवराच्या भुकटीत, उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या व पावसाळ्यात घामेजणाऱ्या खोलीतला ब्रेकर यांना पाच वर्षांची एकच मुदत लावणे हा कायद्यापुढील समतेचा भलताच अर्थ झाला.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की ब्रेकरची परीक्षा एकदा झालेलीच असते. भोपाळच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांत मोठ्या प्रवाहावर चाचणी होऊनच तो विक्रीला येतो. हे खरे आहे. परंतु ती परीक्षा त्या नमुन्याच्या एका नव्या कोऱ्या ब्रेकरची असते. दहा वर्षे धूळ खाल्लेल्या आपल्या ब्रेकरविषयी ती काही सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या निमित्ताने इन्स्पेक्टर राज परत येईल आणि छोटा उद्योजक भरडला जाईल. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच खालील सूचनांत निरीक्षकाचे अधिकार न वाढवता माहितीचे मूल्य वाढवण्यावर मी भर दिला आहे.

(१) प्रमाणपत्रात ‘समाधानकारक’ हा शब्द चालू नये. प्रत्येक ब्रेकरचे मोजलेले आकडे, शेजारच्या रकान्यात मागील वेळचे आकडे, आणि त्या दिवशीचे तापमान व आर्द्रता असावी. आकड्यांचा कल पाहिला की रोग आधीच कळतो.

(२) ब्रेकरची पहिली हालचाल, कोणतीही साफसफाई करण्यापूर्वी, वेळेसह नोंदवली जावी.

(३) अहवालासोबत शटडाऊनची नोंद जोडणे सक्तीचे असावे. दोन स्वतंत्र नोंदी एकमेकींशी जुळवणे हे लेखापरीक्षणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. वीज कंपनीच्या मीटरमध्ये पुरवठ्याची नोंद आपोआप होतच असते.

(४) चाचणी करणारी संस्था ब्रेकर विकणारी किंवा त्याची वार्षिक देखभाल करणारी नसावी. निविदेत आधी पात्रता आणि गुणवत्ता पाहून मगच दर पाहिला जावा.

(५) निरीक्षकाने सर्वांकडे न जाता, चिठ्ठी टाकून निवडलेल्या थोड्या आस्थापनांत स्वतःसमोर फेरचाचणी घ्यावी. आकड्यांत अवाजवी तफावत आढळली तर कारवाई सही करणाऱ्यावर व्हावी. पकडले जाण्याची शक्यता थोडी पण खरी असली, तरी वर्तन बदलते.

(६) रुग्णालये, मॉल आणि चित्रपटगृहे यांच्या शेवटच्या चाचणीची तारीख व संस्थेचे नाव संकेतस्थळावर सर्वांना पाहता यावे. संरक्षण कारखान्यांचा तपशील जाहीर करणे योग्य होणार नाही, पण तो निरीक्षकाकडे तरी पोचलाच पाहिजे.

(७) सरकारी आस्थापनांच्या अंदाजपत्रकात चाचणीसाठी वेगळे शीर्ष असावे आणि त्यातील रक्कम इतरत्र वळवता येऊ नये. दुसऱ्याकडून अनुपालन मागणाऱ्या शासनाने प्रथम स्वतःच्या उपकेंद्राचे दार उघडून दाखवले पाहिजे.

यांपैकी एकाही सूचनेसाठी नवा कायदा लागत नाही. बहुतेक गोष्टी परिपत्रकाने आणि निविदेच्या मसुद्यात बदल करून साध्य होतील. शटडाऊनचा खर्च राहतोच. परंतु वीज कंपनीच्या स्वतःच्या देखभाल दिवशी, म्हणजे नाहीतरी पुरवठा बंद असतो तेव्हा, ग्राहकांच्या चाचण्या लावल्या तर तोही बराच कमी होईल. यासाठी महिनाभर आधी तारीख कळवण्याची शिस्त हवी, आणि ती शिस्त वीज कंपनीने पाळायची आहे.

या लेखमालेचे वाचक बडोदा, इंदूर, हैदराबाद, मस्कत, सिंगापूर असे अनेक ठिकाणी पसरलेले आहेत. त्यांतील अनेकजण कारखान्यांत, रुग्णालयांत किंवा मोठ्या गृहसंकुलांच्या व्यवस्थापनात जबाबदारीच्या जागी आहेत. त्यांनी आपल्या उपकेंद्रात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. ट्रिपची बॅटरी शेवटची केव्हा बदलली? मागील दोन अहवालांतले आकडे वेगळे आहेत की सारखेच? आणि हा ब्रेकर विजेने उघडतो की हाताने? तिसरा प्रश्न अभियंत्याला न विचारता रात्रपाळीच्या वायरमनला विचारावा, आणि त्याचे उत्तर त्याच्यासमोरच लिहून घ्यावे.